जुन्या संगणकाला नवी गती, पण आधी हिशेबाची अमानत



आज बहुतेक दुकानांत, कारखान्यांत आणि छापखान्यांत गल्ल्याशेजारी एक संगणक असतोच. तो दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला असतो आणि आता म्हातारा झाला आहे असे सगळे म्हणतात. सकाळी बटण दाबायचे, चहा मागवायचा, चहा पिऊन होईतो पडदा उजळतो. गिऱ्हाईक बिलासाठी उभे आणि आपण त्या फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलेले. मग कोणी सांगतो, "शेठ, हा भंगारात द्या, नवीन घ्या."

आमचे म्हणणे असे की, घाई करू नये. चालू असलेली वस्तू टाकून देणे ही फुजूलखर्ची आहे आणि आपल्या दीनमध्ये तिला जागा नाही. पुष्कळदा संगणक म्हातारा झालेला नसतो, त्यातला एकच भाग थकलेला असतो. तो बदलला की यंत्र आणखी काही वर्षे खुशाल काम देते. मात्र हे काम करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी लागते. ती न केल्यामुळे आम्ही काय भोगले, तेही या लेखात सांगणार आहोत.

थकलेला भाग कोणता?

संगणकात आपली सगळी माहिती ज्या डब्यात साठते त्याला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्या आत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि एक बारीक दांडी पुढेमागे सरकून त्यांवरची माहिती वाचते.

कापडाच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. गिऱ्हाईकाने एक तागा मागितला की नोकर गोदामात जातो, मांडणी शोधतो, तागा काढतो आणि परत येतो. गिऱ्हाईकाने एकदम पन्नास वेगवेगळे तागे मागितले तर तो पन्नास फेऱ्या मारतो. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. दांडी योग्य जागी सरकणे आणि तबकडीवरची हवी ती जागा तिच्याखाली येणे, या दोन्ही गोष्टींना मिळून साधारण १२ ते १३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदात जेमतेम ७५ ते ८० फेऱ्या. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फेऱ्या माराव्या लागतात. आपला चहा तिथेच निवतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, यात फिरणारे काहीच नसते. पेन ड्राइव्हप्रमाणे त्यात चिप असतात, पण पुष्कळ वेगवान. एक फेरी तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. नोकर गोदामात जाण्याऐवजी सगळे तागे हाताशीच ठेवल्यासारखे हे आहे. म्हणून संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जुनाच राहिला तरी संपूर्ण यंत्र चपळ झाल्यासारखे वाटते.

खर्चाआधी तपासणी

कोणी सांगितले म्हणून पैसे खर्च करू नयेत. संगणक संथ असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात बराच वेळ ९० ते १०० टक्के दिसत असेल आणि प्रोसेसर मात्र १०-२० टक्क्यांवर निवांत बसला असेल, तर दोष डिस्कचा. अशा यंत्राला एसएसडीचा फायदा नक्की होतो.

मेमरीचा रकाना भरलेला दिसत असेल तर रॅम कमी आहे. रॅम अपुरी पडली की संगणक उरलेले काम डिस्कवर ढकलतो आणि डिस्क आणखी थकते. आजच्या कामाला ४ जीबी रॅम अपुरी पडते, ८ जीबी असावी. दोन्ही कामे एकाच वेळी केली तर पेटी एकदाच उघडावी लागते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फायली उघडताना अडकत असतील, तर तो वेगाचा नव्हे, आयुष्याचा प्रश्न आहे. तेव्हा बाकी सर्व सोडून आधी हिशेबाची नक्कल बाहेर काढावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो.

आमच्यावर ओढवलेला प्रसंग

एप्रिल २०१९ मध्ये, रमजान तोंडावर असताना, आम्ही दुकानातील संगणकात एसएसडी बसवून घेतला. काम एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्याने नव्या ड्राइव्हवर नवी विंडोज टाकली, जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून दुसरा कप्पा म्हणून जोडली आणि संध्याकाळी यंत्र आणून दिले. बटण दाबताच २० सेकंदांत पडदा उजळला. आम्ही खूश झालो. मग टॅली उघडले, तर आत कंपनीच नव्हती.

त्याचे म्हणणे, "तुमचा डेटा डी कप्प्यात असेल असे वाटले." आमचा डेटा सी कप्प्यात, टॅलीच्याच फोल्डरमध्ये होता. त्याने विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही माहीत नव्हते. आम्ही म्हटले, हरकत नाही, पेन ड्राइव्हवर बॅकअप आहे. पेन ड्राइव्ह लावला. त्यात शेवटचा उघडणारा बॅकअप डिसेंबरअखेरचा निघाला. त्यानंतरच्या फायलींची नावे दिसत होती, पण एकही उघडेना. आम्ही दर आठवड्याला बॅकअप घेत होतो, पण तो उघडतो की नाही हे एकदाही पाहिले नव्हते.

जानेवारी ते एप्रिल, असे सुमारे चार महिन्यांचे व्यवहार गेले. बिलबुकाच्या दुसऱ्या प्रतींवरून आम्ही ते पुन्हा चढविले. रमजानच्या रात्री तरावीहनंतर दुकानात बसून हे काम केले, त्याला १९ रात्री लागल्या. बिलाची नोंद सापडली, पण जमेची सगळी नोंद सापडली नाही. कोणी येता-जाता दिलेली रक्कम थेट संगणकात टाकलेली होती, तिचा कागदच नव्हता. उधारीच्या गिऱ्हाईकांना आम्ही खरे काय ते सांगितले आणि त्यांचा हिशेब त्यांनाच विचारला. खेड्यातील एका शिंप्याने आपली छोटी वही आणून दाखविली. आम्ही धरले होते त्यापेक्षा ४,२०० रुपये त्याच्याकडे अधिक निघत होते. त्याने स्वतः ते लिहून दिले. अल्लाह त्याला बरकत देवो. पण दुसऱ्या एका जुन्या व्यवहारात दोन्ही बाजूंची आठवण जुळेना. आम्ही ती रक्कम सोडून दिली. ते गृहस्थ आजही सलाम करतात, पण दुकानात येत नाहीत. रकमेपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपल्या पूर्वजांनी वही लिहिली, आपण संगणकात लिहितो. लिहिण्याचे साधन बदलले, जबाबदारी बदलली नाही. त्या डब्यात केवळ आपला नफा-तोटा नसतो. लोकांचे देणे-घेणे असते, कारागिरांची मजुरी असते, आपल्या जकातीचा हिशेब असतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, तेही त्यातच असते. म्हणून वेग ही दुसरी गोष्ट, अमानत पहिली.

आधी बॅकअप, मग पेचकस

२०२१ साली गोदामातील दुसऱ्या संगणकाचे काम निघाले. यंत्र इंटेल आय-३, चौथ्या पिढीचे, एच-८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. या वेळी आम्ही जो क्रम पाळला तो असा.

पहिले, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतूनच पाहून कागदावर लिहिले. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबले की डेटाची यादी येते, तिथून बॅकअप घेता येतो. जीएसटीच्या फायली, ईमेल, गिऱ्हाईकांचे फोटो, डिझाइनच्या फायली, डेस्कटॉपवर पडलेली पत्रे, हे सगळे वेगळे नोंदविले.

दुसरे, दोन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्हवर, दुसरी घरच्या संगणकावर. दोन्ही दुकानाच्या एकाच कपाटात ठेवल्या तर आग-पाण्यात दोन्ही जातात.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, तो बॅकअप घरच्या संगणकावर रिस्टोअर करून उघडला. शेवटचे बिल, शेवटची जमा आणि तीन गिऱ्हाईकांची बाकी दुकानाशी ताडून पाहिली. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेली नोटांची गड्डी.

चौथे, टॅलीचे लायसन्स त्या यंत्राशी बांधलेले असते. ते आधी सरेंडर करावे आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करावे. त्यासाठी अनुक्रमांक आणि नोंदविलेला ईमेल हाताशी असावा. पुष्कळांचा तो ईमेल जुन्या नोकराच्या नावावर असतो आणि ते ऐन वेळी कळते.

कोणता ड्राइव्ह घ्यावा?

जुन्या डेस्कटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावा. बाजारात एम-२ नावाच्या पट्टीसारख्या ड्राइव्हही मिळतात, पण जुन्या मदरबोर्डवर त्यांची जागाच नसते. २००३-०४च्या आगेमागेच्या, रुंद चपट्या पट्टीची केबल असलेल्या यंत्रावर मात्र खर्च करू नये.

आमच्या एच-८१ बोर्डावर साटाची चार तोंडे आहेत. दोन वेगवान, दोन जुन्या गतीची. वेगवान तोंडाला साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचतो, जुन्या तोंडाला साधारण त्याच्या निम्मे. म्हणून कोणते तोंड कोणते ते बोर्डावर वाचून मगच केबल लावावी. चुकून जुन्या तोंडाला लावली तरी हार्ड डिस्कपेक्षा काम पुष्कळ जलद होतेच.

आकार किती घ्यावा, तर सी कप्प्यात किती जागा भरली आहे ते पाहून. ड्राइव्ह काठोकाठ भरला की तोही मंदावतो, म्हणून पाव भाग मोकळा राहील असा घ्यावा. नुसत्या हिशेबाला २५० जीबी पुरतो. कशिदा, छपाई किंवा जेकार्डच्या डिझाइन असतील तर ५०० जीबी बरा.

एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते, ही भीती कोणी घालील. मर्यादा असते हे खरे. पण सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० जीबी ड्राइव्हवर कंपनीने ३०० टीबी लिहिण्याची हमी दिली आहे. रोज २० जीबी लिहिले तरी त्याला १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. एवढे रोज लिहिणारे दुकान आम्ही तरी पाहिले नाही.

सावध राहायचे ते नकली मालापासून. अतिशय स्वस्तात प्रचंड आकाराचा ड्राइव्ह कोणी देत असेल तर घेऊ नये. आत भलतीच चिप असते, थोडा माल भरला की पुढची माहिती नष्ट होते. पक्के बिल घ्यावे, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला या बिलाचा इनपुट क्रेडिटही मिळतो, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही.

नक्कल की नवी विंडोज?

दोन मार्ग आहेत. एक, नवी विंडोज टाकून सगळे प्रोग्राम पुन्हा बसविणे. दुसरा, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरविणे. आपल्या लोकांना आम्ही बहुधा दुसरा मार्ग सुचवितो. कारण आपल्याकडे उर्दूसाठी इनपेज, जुने मराठी फॉन्ट, डोंगलवर चालणारे कशिद्याचे प्रोग्राम असतात. त्यांच्या मूळ सीडी हरवलेल्या असतात आणि बसवून देणारा माणूसही आता त्या गावात नसतो.

सॅमसंगसारख्या कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी नक्कल करणारा प्रोग्राम देतात. क्लोनझिला हा मोफत आहे, पण त्यात साधारणपणे नवा ड्राइव्ह जुन्याइतका किंवा त्याहून मोठा लागतो. ५०० जीबीच्या डिस्कची नक्कल ४८० जीबीच्या ड्राइव्हवर करायला गेल्यास तिथेच अडते.

काम करताना संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या लोखंडाला स्पर्श करावा. एसएसडीला दोन केबल लागतात, एक माहितीची, एक विजेची. नक्कल चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा. बायोसमध्ये एएचसीआय ही सेटिंग हवी. ती बदलावी लागत असेल तर जाणत्याकडूनच बदलून घ्यावी, नाहीतर जुनी विंडोज सुरू होत नाही.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा दिशेचा. प्रोग्राम विचारतो, कोठून आणि कोठे. उलटे निवडले तर कोरा ड्राइव्ह भरलेल्या डिस्कवर उतरतो आणि सगळे पुसले जाते. कंपनीचे नाव आणि आकार मोठ्याने वाचावा, शेजारी दुसरा माणूस उभा करावा, मगच होय म्हणावे.

दुसरा सापळा दोन वह्यांचा. नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर संगणक कधी कधी जुन्यावरूनच सुरू होतो. आठ दिवस जुन्या डिस्कवर नोंदी होतात, मग कोणी ती काढतो आणि आठ दिवसांचा धंदा गायब. म्हणून नक्कल होताच संगणक बंद करून जुन्या डिस्कच्या केबल काढाव्यात, मग नव्यावरून सुरू करावे आणि तीच तीन बाक्यांची पडताळणी पुन्हा करावी.

आमच्या गोदामातील यंत्राला बटण दाबल्यापासून बिलाचा पडदा येईपर्यंत आधी सहा मिनिटांहून अधिक लागत. एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम बसविल्यावर ते काम सुमारे ४० सेकंदांत होऊ लागले. बाकी सर्व तेच.

काम झाल्यावर

एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडतो. हार्ड डिस्क मरताना कुरकुरते, हा गप्प जातो. विंडोज ७ आणि त्यापुढे ट्रिम नावाची सोय असते. तिच्यामुळे पुसलेली माहिती परत मिळणे फार कठीण होते. म्हणून एसएसडी बसविल्यावर बॅकअपची गरज कमी होत नाही, वाढते. तसेच त्यात माहिती भरून वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. वीज न मिळाल्यास चिपमधील माहिती कालांतराने विरते. डीफ्रॅगचे बाहेरचे प्रोग्रामही त्यावर चालवू नयेत.

जुनी हार्ड डिस्क लगेच भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तीन महिने जपावी. मग चांगली असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरावी. द्यायचीच असेल तर क्विक फॉरमॅट पुरेसा नाही, त्याने माहिती पुसली जात नाही. पूर्ण फॉरमॅट करावा. ५०० जीबीला दोन तासांच्या आसपास लागतात. बिघडलेली असेल तर तबकड्यांना भोक पाडून द्यावी. गिऱ्हाईकांचे नंबर, बँकेची कागदपत्रे, कोणाची किती उधारी, हे दुसऱ्याच्या हाती जाणे हीसुद्धा अमानतीतील खयानतच होय.

एक मर्यादा

एसएसडीने वेग येतो, वय कमी होत नाही. विंडोज १०चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी जी मुदतवाढ जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. चौथ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ कंपनीच्या नियमाप्रमाणे बसत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे चालते. म्हणून जुने यंत्र बिल, डिझाइन आणि छपाईच्या कामाला ठेवावे. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे भरणे ज्या यंत्रावर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात त्यावरच करावे. पुढे नवे यंत्र घेतलेच, तर हा साटा एसएसडी बहुतेक डेस्कटॉपमध्ये तसाच लावता येतो. पैसा वाया जात नाही.

हे वाचून आपण ड्राइव्ह घ्यायला निघाला असाल तर एक विनंती. आधी आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी आपला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. तो उघडला तर अल्हम्दुलिल्लाह, ड्राइव्ह उद्या घ्यावा. नाही उघडला, तर ड्राइव्ह आठवडाभर थांबू शकतो, हिशेब थांबू शकत नाही.